सुगरणींसाठी राखलेलं गवत

विमलताई, तुमच्या घरून परत आणलेली माझी बॅग अजून गॅलरीतच पडली आहे. तुमचे दीर अरुण तिला आत घेऊ देत नाहीत. ऊन आलं की काठीनं तिला उलटी करतात, ऊन कललं की पुन्हा सुलटी. आत तुमच्या दोन साड्या आहेत. दवाखान्यात लागतील म्हणून घाईत कोंबलेल्या. त्या लागल्याच नाहीत. नागपूरच्या बेशातल्या या चौथ्या मजल्यावर गवताचं पातंसुद्धा नाही, तरी रोज आंघोळीच्या वेळी मी कानामागे, कमरेला, गुडघ्यामागे बोट फिरवून बघते. काही नसतं. तरी पुन्हा फिरवते.

काल तुमची तेरवी झाली. पंगतीत कोणीतरी म्हणालं, "म्हाताऱ्या बाईले जंगलात राहाची हौस काहून पाहिजे होती?" दुसरं म्हणालं, "वाघाच्या तावडीतून वाचली आन् किड्यानं नेली." मी वाढत होते. हातातलं भांडं तिथंच ठेवून मी आत निघून गेले. तुमच्याबद्दल असं कोणी बोललं की मला त्यांचा राग येतो. आणि ते बोलतात ते खोटं नाही, म्हणून तुमचाही येतो.

तुम्ही माझ्या थोरल्या जाऊबाई. जुन्या नागपुरात, महालातल्या घरात मी लग्न होऊन आले तेव्हा तुम्ही शाळेत भूगोल शिकवायच्या, आणि घरीही तुमचं बोलणं नकाशावर काठी ठेवल्यासारखंच असायचं. मोठे भाऊजी गेले, तुम्ही निवृत्त झालात, तुमचा समीर पुण्याला स्थिरावला. आम्हाला वाटलं, आता तुम्ही आमच्याकडे बेशाला याल. तुम्ही मात्र उमरेडच्या पुढे, शेतं संपून जंगल सुरू होतं तिथं, जमिनीचा एक तुकडा घेतलात आणि त्यावर दोन खोल्या, एक पडवी असं घर बांधलंत. मागे नाला. नाल्यापलीकडे साग, मोह, बांबू, आणि पुढे काय ते कोणाला माहीत.

समीरनं मला फोन केला तो श्रावण लागल्यावर. "काकू, तू जाऊन आईला घेऊन ये. माझं ऐकत नाही ती." मी आले. बसमधून उतरले तेव्हा तुम्ही रस्त्यावर गमबूट घालून, हातात काठी घेऊन उभ्या होत्या. नऊवारी नेसणाऱ्या सासूची तुम्ही सून, आणि पायांत गमबूट. मला हसू फुटलं.

"समीरची वकील होऊन आली काय वं?"

"हो," मी म्हटलं. तुमच्याशी खोटं बोलून कधी निभावलं नाही.

"मग राह्य. वकिलाले जेवण भेटते इथं. फी नाही भेटत."

घरी पोचल्यावर हातपाय धुवायच्या आधी तुम्ही मला नियम सांगितले, नव्या वर्गाला सांगावेत तसे. चप्पल आपटल्याशिवाय पाय घालायचा नाही. अंथरूण झटकल्याशिवाय पाठ टेकायची नाही. सरपणात हात घालायच्या आधी काठी वाजवायची. जेवण उजेडात उरकायचं, कारण दिवा लागला की पंख फुटलेल्या वाळव्या थव्यानं येतात आणि वरणात पडतात. शेवटचा नियम तुम्ही थोडं थांबून सांगितलात.

"आन् भेली तरी कल्ला नाही करायचा. कल्ल्यानं काही पळत नाही. उलट ते कुठं गेलं हे आपल्यालेच नाही समजत."

मी पाय वर उचलून घेतले. तुम्ही मात्र पिठलं ढवळत होत्या.

पहिले काही दिवस मी रडकुंडीला आले होते, हे तुम्हाला दिसत होतं. मोरीत बेडूक. भिंतीच्या सांध्यातून निघणारी बोटभर गोम. खिडकीच्या चौकटीत गांधीलमाश्यांचं मातीचं घर. कणकेचा डबा उचलला तर खाली शेपटी उगारलेला विंचू. दांडीवरचा टॉवेल घ्यायला गेले तर त्याच्या घडीत केसाळ सुरवंट, आणि पुढे दोन दिवस माझी मान सुजलेली. चिलटं तर बोलायला तोंड उघडू देत नव्हती. संध्याकाळी तुम्ही पडवीत घमेल्यात गोवऱ्या आणि कडुलिंबाचा पाला जाळायच्या. त्या धुरानं किडे किती जायचे देव जाणे, आपल्या दोघींच्या डोळ्यांतून मात्र धारा लागायच्या. मग तुम्ही म्हणायच्या, "मेल्यावर रडतीलच लोक, आपण आधीच रडून घेऊ," आणि आपण हसायचो. तेव्हा हसू यायचं, ताई.

मण्यार सापडली ती सकाळ आठवते? मी चहाला बसायला म्हणून पडवीतली गुंडाळलेली चटई उलगडायला घेतली. तुम्ही चुलीपाशी होत्या. तिथूनच म्हणालात, "रेखा, हात सोड. हळू." तुमच्या आवाजात काही नव्हतं. भीती नाही, घाई नाही. म्हणूनच मी हात सोडला. चटईच्या वळकटीतून काळं, चकचकीत, पांढऱ्या कड्यांचं काहीतरी निघालं आणि भिंतीच्या कडेकडेनं सरकू लागलं. तुम्ही मला नजरेनं मागे बोलावलंत, खोलीचं दार लावलंत आणि उमरेडच्या सर्पमित्राला फोन केलात. तो येईपर्यंत आपण दोघी अंगणात पाऊस अंगावर घेत उभ्या होतो. त्यानं तिला बरणीत घेतलं आणि म्हणाला, "काकू, ही चावली तर दुखतही नाही बरं. माणूस झोपूनच राहते."

तो गेल्यावर मी म्हटलं, "ताई, चला नागपूरला. आजच."

"सापडली ती गेली," तुम्ही म्हणालात. "न सापडलेल्याचं भेव बाळगाचं तर नागपुरातही नाही राहता येत."

तुमचं आणि माझं खरं भांडण सुरू झालं ते त्याच दुपारी. घरामागे, विहिरीपासून नाल्यापर्यंत, कमरेएवढं गवत माजलं होतं. मी म्हटलं, साप तिथूनच येतात, माणूस लावून ते कापून घेऊ. तुम्ही नाही म्हणालात. विहिरीवर वाकलेल्या बाभळीला सुगरणींची घरटी लोंबत होती, काही पुरी, काही अर्धवट. पिवळ्या डोक्याचे नर त्या गवताची पाती चिरून चोचीत धरून नेत होते.

"त्यांचं बांधकाम चालू हाये. त्यांचा माल मी कसा उचलू?"

"आणि साप?"

"साप घरात आला चटईतून. तू गवताले काहून बोलते?"

मी रोज तोच विषय काढायचे, तुम्ही रोज टाळायच्या. एकदा मी शांताला, शेजारच्या शेतात राहणाऱ्या बाईला, तुमच्यामागं सांगून बघितलं. ती विळा घेऊन आली, तर तुम्ही तिला चहा पाजून परत पाठवलंत. मग माझ्याकडे वळून म्हणालात, "दिवाळीनंतर काप. पिल्लं उडाल्यावर. तवा मी सोता विळा घेतो." तुम्ही रागावल्या की पुरुषासारखं बोलायच्या. मी त्या दिवशी तुमच्याशी जेवताना बोलले नाही.

ताई, मी सापाला भीत होते. गवत कापा म्हणणं बरोबर होतं, पण माझं कारण चुकीचं होतं. हे मला कळून आता काय उपयोग? बरोबर असण्याचं इतकं ओझं होतं हे मला माहीत नव्हतं.

तरी त्या गवताच्या काठावरच्या दुपारी मी नाकारू शकत नाही. पाऊस थांबला की तुम्ही पोतं टाकून तिथं बसायच्या, पाय लांब करून. आधी मी पडवीतूनच बघायचे. मग एकदा तुम्ही पोत्यावर बाजूला जागा केलीत. मी येऊन बसले. एका नरानं घरटं अर्धं बांधलं, मादी येऊन आत डोकावली आणि उडून गेली. त्यानं ते तसंच सोडलं आणि शेजारच्या फांदीला नवं सुरू केलं. तुम्ही म्हणालात, "पाह्यलं का? नापास." आणि मग, तसंच बाभळीकडे पाहत, म्हणालात, "तुले सांगू, मी इथं काहून आली? नागपुरात जो भेटे तो विचारे, आता कशा आहात? मान अशी वाकडी करून. इथं मले कोणी विचारत नाही. इथं सगळे आपापल्या कामात हायेत."

मला माझी गोष्ट आठवली. माझं पहिलं बाळ पोटातच गेलं, तेव्हा महालातल्या घरात बायका रांगेनं यायच्या, माझ्या डोक्यावरून हात फिरवायच्या, विचारायच्या. तुम्ही एकदाही विचारलं नाहीत. तुम्ही शाळेतून आलात की माझ्या खोलीत पेपर तपासायला बसायच्या. लाल पेनाचा आवाज तेवढा यायचा. अधूनमधून एखाद्या पोराचं उत्तर वाचून दाखवायच्या, "गोदावरी नदी हिंद महासागराच्या डोंगरात उगवते," आणि एके दिवशी मी हसले. त्याबद्दल मी तुम्हाला कधी काही म्हटलं नाही. त्या दुपारी पोत्यावर म्हणायला हवं होतं. पण तेवढ्यात माझ्या पोटरीला काहीतरी चावल्यासारखं झालं, मी खाजवलं, आणि विषय गेला.

आपल्या दोघींच्या अंगावर तेव्हा इतके चट्टे होते की एकाची दुसऱ्याला ओळख नव्हती. डास, मुंग्या, चिलटं, सुरवंट. तुम्ही करंजीचं तेल चोळायच्या आणि मलाही द्यायच्या. कोण कशानं चावलं हे कोण बघणार?

मग शांताचा कुत्रा गेला. त्याला सगळे राजा म्हणायचे. दिवसभर तो तिच्या दारात आणि संध्याकाळी आपल्या पडवीत, कारण तुम्ही त्याला भाकरीचा कडक तुकडा घालायच्या. दिवेलागणीची वेळ होती. आपण ताटं घेऊन आत जात होतो. राजा नाल्याकडे तोंड करून उभा राहिला. भुंकला नाही. त्याच्या घशातून एक बारीक आवाज निघाला, मी आधी कधी ऐकला नव्हता असा. तुम्ही "राजा, ये, ये" म्हणालात. तो मागे वळला आणि त्याच वेळी गवत हललं. एवढंच. एक आवाज, ओल्या पोत्यावर काठी मारावी तसा, आणि अंगण रिकामं. वानरं पलीकडच्या झाडांवरून खेकसू लागली, मग तीही गप्प झाली.

तुम्ही मला आत ढकललंत आणि कडी लावलीत. मग ती लागली का हे तुम्ही पुन्हा ओढून पाहिलंत. त्या सगळ्या मुक्कामात मी तुम्हाला एखादी गोष्ट दोनदा करताना तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

सकाळी गावातली माणसं नाल्यापर्यंत जाऊन आली. शांतानं त्याच्या गळ्यातला पट्टा आणला, चिखलानं भरलेला. वनखात्याचा माणूस येऊन पावलांचे ठसे पाहून गेला. "बिबट आहे. लेकरं-बकऱ्या संध्याकाळी आत ठेवा," एवढं सांगून तो दुसऱ्या गावाला गेला. शांता आपल्या पडवीत बसून रडली. तुम्ही तिच्याजवळ बसलात. आणि मग ती उठून गेल्यावर, मी काही म्हणायच्या आधीच, तुम्ही म्हणालात, "पोळा होऊ दे. मग येते मी तुह्यासंगं. थोडे दिवस."

तुम्ही येते म्हणालात, ताई! मी समीरला फोन करून सांगितलं. त्यानं पुण्याहून मला पेढे पाठवतो म्हणून सांगितलं. मला वाटलं, मी खटला जिंकले.

पोळ्यापर्यंतचे ते दिवस मला आता आठवायला नको वाटतात, कारण त्यांत काहीच घडलं नाही. पाऊस लागून राहिला. आपण पडवीतही फारशा बसत नव्हतो. रानडुकरांनी तुमची रताळ्यांची वेल उकरून टाकली, तुम्ही बघून "जाऊ दे" म्हणालात. दुपारी तुम्ही आडव्या व्हायला लागल्या होत्या, जे तुम्ही कधी केलं नव्हतं. मी विचारलं तर, "हवा कुंद हाये." सुगरणींचा कलकलाट चालूच होता. बाकी सगळं जंगल कान देऊन बसल्यासारखं वाटे. आपण बिबट्याकडे कान लावून बसलो होतो. दारं लावून, काठ्या उशाशी घेऊन, आपण ज्याची वाट बघत होतो ते बाहेर होतं. जे आलं होतं ते आधीच आपल्या अंगावर होतं.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी उजाडताच गावातली माणसं मारबतीचा पुतळा गावाबाहेर जाळायला घेऊन, आरोळी देत वेशीकडे निघाली. तुम्ही मला उठवलंत. आपण कुंपणापाशी उभ्या राहिलो. पोरंसोरं, बाप्ये, सगळे ओरडत होते, "रोगराई घेऊन जाय गे मारबत! माश्या-मच्छर घेऊन जाय गे मारबत!" महालात इतकी वर्षं मोठाल्या पुतळ्यांची मिरवणूक बघितलेली मी, मला ती गावची छोटीशी मारबत बघून गंमत वाटली. मी पण ओरडले. तुमच्याकडे पाहिलं तर तुम्ही कुंपणाचा खांब दोन्ही हातांनी धरून उभ्या होत्या.

"ताई?"

"डोकं फुटून राहिलं वं. काल दुपारपासून."

तुमच्या कपाळाला हात लावला आणि माझाच हात भाजला.

गावच्या डॉक्टरांनी ताप पाहिला, इंजेक्शन दिलं, गोळ्या दिल्या. साथीचा ताप आहे, उतरेल म्हणाले. त्यांना तरी काय दोष देऊ? गावात घरोघरी ताप होता. तुमचा ताप दुपारी उतरायचा, तुम्ही उठून बसायच्या, मला म्हणायच्या, "बॅग भरली का? अरुणले बोलाव रविवारी," आणि संध्याकाळी पुन्हा चढायचा. तुम्ही उजेड सहन होईना म्हणून डोळ्यांवर पदर ओढून पडायच्या. मग एका सकाळी तुम्ही मला "सुधा" म्हणालात. सुधा तुमची बहीण, ती जाऊन किती वर्षं झाली. मी रविवारची वाट बघितली नाही. अरुणना फोन केला, ते कळमन्यातलं दुकान नोकरावर टाकून गाडी घेऊन निघाले.

त्या प्रवासात तुम्ही माझ्या मांडीवर डोकं ठेवून होत्या. श्वास असा येत होता जणू प्रत्येक श्वासाला कुठूनतरी वर चढून यावं लागत होतं. खिडकीतून वारा येत होता आणि मला थंडी वाजत होती. वाटलं, भिजले असेन. वाटलं, जागरण झालंय. माझंही डोकं दुखत होतं, पण ते सांगायची ती वेळ नव्हती.

नागपूरला आधी ज्या दवाखान्यात नेलं तिथं डेंग्यू बघितला, मलेरिया बघितला. काही निघेना. दुसऱ्या दिवशी मोठ्या दवाखान्यात हलवलं. तिथली डॉक्टर तरुण मुलगी होती, माझ्या भाचीएवढी. तिनं पडदा ओढला आणि नर्सला तुमची साडी सैल करायला सांगितली. तुमच्या काखा बघितल्या, छातीखाली बघितलं, मग परकराच्या नाडीखाली, जिथं कातडीला वळ पडतो तिथं, ती थांबली. मला जवळ बोलावलं. तिथं उदबत्तीचा चटका बसावा तेवढी काळी खपली होती. भोवती लालसर कडा. इतके दिवस मी तुमचं अंग पुसत होते, पण तुम्ही नाडी सैल करू देत नव्हत्या. "मी काय लेकरू हाओ?" म्हणायच्या.

डॉक्टरनं मला एकच प्रश्न विचारला.

"या गवतात बसल्या होत्या का?"

ताई, आपलं सगळं भांडण त्या एका प्रश्नात संपलं, आणि मला ते तसं संपायला नको होतं.

तिनं समजावून सांगितलं. गवतात, झुडपात एक बारीक किडा असतो, खसखशीहूनही बारीक, डोळ्याला दिसत नाही. तो चावला तरी कळत नाही, त्या जागी नंतर अशी खपली धरते. त्यातून हा ताप येतो. लवकर कळलं तर साध्या गोळ्यांनी जातो. "लवकर" म्हणताना तिनं तुमच्याकडे न बघता माझ्याकडे बघितलं. तुमच्या मूत्रपिंडांवर परिणाम झाला होता. फुप्फुसात पाणी होतं. तुम्हाला त्या दुसऱ्या खोलीत, यंत्रावर न्यायची तयारी सुरू झाली.

तोपर्यंत तुम्ही कोणाला ओळखत नव्हत्या. समीर पुण्याहून येऊन समोर उभा होता, तुम्ही त्याला "सर" म्हणालात. पण स्ट्रेचरवर घेताना तुमचे डोळे उघडले. तुम्ही त्या डॉक्टरचा हात धरलात, वर्गात पोराचा हात धरून बाकावर बसवावा तसा, आणि माझ्याकडे मान वळवून म्हणालात,

"हिलेही पाहा. ही माह्यासंगंच बसली होती."

आवाज कोरडा होता, पण शब्द न् शब्द स्पष्ट.

मी म्हटलं, मला काही नाही. डॉक्टर माझ्याजवळ आली, माझ्या मनगटाला हात लावला, आणि तिचा चेहरा बदलला. मला ताप होता. तिनं माझीही तपासणी केली आणि गुडघ्यामागे, जिथं मला स्वतःला कधीच दिसलं नसतं, तशीच एक खपली सापडली. तुमच्यापेक्षा लहान. अजून ओली.

मला त्याच दवाखान्यात दोन मजले वर ठेवलं. औषध सुरू झालं आणि दुसऱ्याच दिवशी ताप उतरायला लागला. किती सोपं होतं ते, ताई! हातात सुई, काही गोळ्या, मोसंबीचा रस. मी कूस बदलायचे आणि माझ्या खाली, दोन मजल्यांच्या खाली, तुमच्या छातीत यंत्र श्वास ढकलत होतं. मी विचारायचे, अरुण म्हणायचे, "चालू आहे." मी म्हणायचे, मला खाली न्या. नर्स म्हणायची, आज नाही, तुमचं बीपी कमी आहे. मी पडल्यापडल्या तुमच्याशी बोलायची तयारी करायचे. आधी गोदावरीबद्दल सांगायचं. तुमचं लाल पेन माझ्या खोलीत किती आधाराचं होतं ते सांगायचं. मग भांडायचं. गवतावरून, नाडीवरून, त्या "हवा कुंद हाये" वरून, सगळ्यावरून. आणि मग, भांडून झाल्यावर, सांगायचं की मी जिवंत आहे ती तुम्ही तेवढ्या श्वासात माझं नाव घेतलं म्हणून. नाव नाही, "ही" म्हणालात. तेवढं पुरलं.

एका दुपारी अरुण आले. बाहेर पाऊस नव्हता, खिडकीतून लख्ख ऊन येत होतं. त्यांचे केस ओले होते. मानेवरून पाणी शर्टात उतरलं होतं. ते दारात उभे राहिले, आत येईनात. समीर त्यांच्या मागे होता, त्याचेही केस ओले. दोघांनी कपडे बदललेले होते, आणि दोघंही खाली बघत होते.

भरदुपारी दोन पुरुष न्हाऊन येतात ते कुठून, हे आपल्या घरात कोणाला सांगावं लागत नाही.

मी विचारलं नाही. तुमचा चेहरा मला दाखवला नाही, तुमच्या तोंडात तुळशीपत्र मी ठेवलं नाही, तुम्हाला कोणती साडी नेसवली हेही मला माहीत नाही. माझ्या हातात सुई होती. मी दुसऱ्या हातानं उशाचा टॉवेल उचलला, अरुणकडे पुढे केला आणि म्हटलं, "डोकं पुसा. सर्दी होईल."

तुम्ही गेल्याचं कळल्यावर माझ्या तोंडून निघालेले शब्द हे, ताई. बाकीचे आत्ता येत आहेत, आणि ऐकायला तुम्ही नाही.